कोंडा, गूळ

तासगावात भिलवडी नाक्यावर माझं दुकान.
सत्तावीस वर्षं डबे विकतोय.
लाल त्रिकोण, पिवळा, निळा, हिरवा,
कुठला किती जहाल, झोपेतही सांगीन.
लिटरला दोन मिली, पंपाला तीस,
वारं पाठीमागून घ्या, तोंडाला फडकं बांधा,
पोरांना बागेत सोडू नका.
कुत्र्याचं कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

बेदाणी तर दुकानातलीच.
बेदाण्याच्या शेडवर सापडली, म्हणून बेदाणी.
वजनकाट्यावर झोपायची.
गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, साडेचौदा किलो भरली,
बिल कुणाच्या नावावर?"

गेल्या श्रावणात घरामागच्या परड्यात
गोगलगायी उतरल्या.
वांग्याची रोपं, झेंडू, शालननं हौसेनं लावलेली लॉन,
सकाळी बघावं तर चकचकीत रेघा
आणि पानांच्या जागी जाळी.
"गावाला औषध देताय," शालन म्हणाली,
"घरचं परडं तेवढं उघडं."

मग गिऱ्हाइकाला सांगतो तेच केलं :
गव्हाचा कोंडा, वाटीभर गूळ,
त्यात डब्यातल्या निळ्या गोळ्या,
ओल्या पोत्याखाली मूठ-मूठ.
कालवायला शालनची जुनी परात,
कडेला पोचा आलेली.

ती परात बेदाणीच्या ओळखीची.
माघात तिला चार पिल्लं झाली,
तेव्हा शालन त्याच परातीत
कोंडा-गूळ कालवून द्यायची, कोमट,
अंगावर दूध यावं म्हणून.

पहाटे तीनला ती भिंतीवर धडकली.
पाय ताठ, आणि अंग असं थरथरत होतं
जसा ब्लोअर चालू केल्यावर ट्रॅक्टर,
फक्त बंद करायची चावी सापडेना.
"मीठपाणी पाजू का?" शालन रडत.
फोनवर डॉक्टर खंबाळे : "काही म्हणजे काही पाजू नका.
कुत्रं आणा. आणि डबा आणा."

सांगलीपर्यंत ती मांडीवर, डबा शेजारी.
मोबाईलच्या उजेडात पहिल्यांदा वाचलं
मागच्या बाजूचं मुंगीएवढं अक्षर :
पाळीव जनावरांपासून दूर ठेवावे.
सत्तावीस वर्षं मी पुढची बाजू विकत होतो.

सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले,
"कुत्र्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, आप्पा.
तुमचे त्रिकोण तिला सारखेच."

जगली.

गोगलगाय नि पोटात पाय, म्हणतात.
म्हण बरोबर आहे.
नाव तेवढं चुकलंय.

आता डबा काढायच्या आधी विचारतो,
"घरी कुत्रं?"
काही हसतात, काही समोरच्या दुकानात जातात.
थांबतील त्यांना सांगतो :
गोळ्या राहू द्या. रात्री बॅटरी घ्या, वेचा,
बादलीत मिठाचं पाणी ठेवा, त्यात टाका.
फवारलंच, तर पान वाळेपर्यंत कुत्रं बांधा,
गवतावरनं आलं की पाय धुवा त्याचे,
ते चाटतं, आपण चाटत नाही.
आणि रिकामा डबा पाण्याला ठेवू नका, देवा शप्पथ.

बेदाणी काट्यावर झोपते अजून.
तेरा किलो भरते.
माझ्या हातची भाकरी घेते,
पण आधी हुंगते,
मग शालनकडे बघते,
मग खाते.