खुडूक

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री
फ्रीज एकदा कण्हला आणि गप्प झाला.
देवगडहून मेकॅनिक दोनदा आला,
दोनदा चहा प्यायला,
मागची जाळी नखाने खरवडून म्हणाला,
वहिनी, खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय. आता भंगारात.

तीन उन्हाळ्यांची सोलं होती त्या फ्रीजमध्ये,
म्हणजे सोलं विकून आलेले पैसे.
रातांब्यांच्या रसाने माझी नखं
आषाढापर्यंत जांभळी असायची.
दुकानदाराने विचारलं होतं, रंग कोणता देऊ?
बोटं पदराखाली घेऊन मी म्हटलं, पांढरा.

भंगारवाला साडेतीनशे म्हणाला.
जनार्दन म्हणाला, थांब.
ह्याचं 'थांब' मला ठाऊक आहे.
ह्याच्या 'थांब'मुळे पडवीत
एक चाक नसलेली हातगाडी आहे,
पंख्याची पाती आहेत, पंखा नाही,
आणि सुपारीच्या विऱ्यांच्या पत्रावळी करायचं एक यंत्र,
जे फक्त बोटं दाबतं.

त्याने फ्रीज विहिरीकडच्या गडग्याशी नेला,
चार चिऱ्यांवर उभा केला,
ड्रिलने पाठीला भोकं पाडली,
दिवसभर, मोजून मोजून, पिपाणीला पाडावीत तशी.
गेल्या वर्षी मुंगसाने सात पिल्लं नेली,
रोज एक, जणू खात्यावर लिहून.
"दाराला लोहचुंबक आहे," जनार्दन म्हणाला,
"मुंगूस काय करणार?"

सुंदराते काठी टेकत बघायला आली.
"फ्रीजात अंडी ठेवतत रे मेल्या, कोंबडी नाय."
मिथिला सहावीत आहे. तिने विचारलं,
"बाबा, कोंबडीने दार उघडलं की दिवा लागेल?"
तिने विचारायला नको होतं.
दोन दिवस तो पंपाच्या खोलीतून वायर ओढत होता.

खुडूक मात्र आत जाईना.
बियाण्याच्या कुळथाच्या टोपलीत बसली,
स्कूटरच्या सीटवर बसली,
एकदा आतेच्या उशीवर,
आणि आतेने तिला जे सुनावलं
ते मिथिलाने वहीत लिहून घेतलं.
नवव्या दिवशी सापडली.
भाजीच्या कप्प्यात, पेंढ्यावर,
मी कोथिंबीर ठेवायचे तिथे,
डोळे अर्धे मिटून, अंग फुगवून,
जशी काही तिच्याच पैशांनी घेतलेली वस्तू.

अकरा अंडी. कॅलेंडरवर एकवीस फुल्या.
मधे खळं चोपून झालं,
शेणाने सारवलं आणि वाळायच्या आत
शेजारच्या पाड्याने आडवं तुडवलं.
फूटव्हॉल्व दोनदा अडकला, दोन्ही वेळा बेडूक.
वालीचा मांडव घातला, वाऱ्याने पाडला,
पुन्हा घातला, जरा वाकडा.
चौदाव्या रात्री मोबाईलच्या उजेडात
मिथिलाने अंडं धरलं आणि ओरडली,
आत कोणीतरी हललं!
दोन अंडी नुसतीच उजळली, स्वच्छ, रिकामी.
ती बाजूला काढताना कोणी काही बोललं नाही.

एक सांगायचं राहिलं.
फ्रीज बंद पडला त्या पहाटे सगळे झोपेत असताना
मी त्याच्या दाराला कपाळ टेकून उभी होते.
थोडा गारवा उरला होता अजून.
किती वेळ, कुणास ठाऊक.
मग आतलं दूध काढून नासायच्या आत तापवलं.

बाविसाव्या दिवशी, मार्गशीर्षातल्या धुक्यात,
जनार्दनने चुंबकाचं दार हळूच ओढलं.
दिवा लागला. खरंच लागला.
आतून ऊब आली माझ्या तोंडावर,
पेंढ्याची, पिसांची, ओल्या कवचांची,
आणि नऊ चोची एकदम, नऊ तक्रारी.
मी वाकले ती वाकलेलीच राहिले.

फ्रीज आला तेव्हापासून सुंदराते
एकच वाक्य सगळ्यांवर ओरडायची,
दार लाय, थंडी भायर जाता.
आज माजघरातून, अंथरुणातूनच ओरडली,
"दार लाय गो,
थंडी आत जाता."

जनार्दन वॉशिंग मशीनकडे बघतोय.
ते अजून चालू आहे.