मर्यादेत

सकाळी सव्वासहा. पेंधरच्या शेवटच्या मेट्रो-खांबापाशी
चपला पिशवीत टाकते, बूट घालते
आणि कासाडीच्या काठाने खाली उतरते,
जिथे रस्ता संपतो आणि कुणाचंच काही सुरू होत नाही.

गळ्यात दुर्बीण, भाच्याची जुनी,
उजव्या भिंगात बुरशीचा ठिपका.
त्यामुळे माझ्या प्रत्येक पक्ष्याला
एक डाग जास्तीचा.

वही मात्र कंपनीचीच. निवृत्तीच्या दिवशी
ड्रॉवरमधून चार कोऱ्या उचलल्या होत्या,
आखलेल्या: नमुना, वेळ, रंग, वास, शेरा.
आता नमुना म्हणजे शेकाटे,
गुलाबी काटकुळ्या पायांचे, अकरा.
वेळ सहा चाळीस.
रंग आणि वास हे रकाने
अजून नदीसाठीच ठेवलेत.

पुस्तकात ज्याला वंचक म्हणतात
त्याला हसुराम म्हात्रे म्हणतो ढोकरी.
"वंचक कसला गो? त्यो तं उबा ऱ्हातंय नुसता."
हसुरामचा पाग घरी खुंटीला आहे,
आता तो म्हशी घेऊन येतो.
सांगतो, हितं जिताडा गावायचा, येवढा,
हात पसरतो, मग थोडे आणखी,
आणि त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेतून
खंड्या जातो, निळा, सरळ.

त्या बदकाला हळदीकुंकू म्हणतात.
चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी दोन लाल टिकल्या.
मुकुंद गेल्यापासून सोसायटीतून
संक्रांतीनंतरचं बोलावणं येत नाही.
वाईट कुणी नाही, विसरतात.
इथे मात्र एका गार सकाळी
जलपर्णीतून रांगेने आल्या सातजणी,
घाई न करता, एकमेकींची वाट बघत.
मी लिहिलं: सात.
शेऱ्यात लिहिलं: माझ्याकडे वाण नव्हतं.

पण हे सांगायचं नव्हतं.

सांगायचं होतं मार्गशीर्षातल्या त्या बुधवारचं.
नदी करडी-जांभळी, काठाला फेस,
आणि तो वास, जो मी डोळे मिटून ओळखते,
कितव्या टाकीचा, कितव्या पाळीचा.
म्हशी काठावरच थांबल्या, मग वळल्या.
अर्धा तास उभी होते. टिटवीसुद्धा ओरडली नाही.
वर विजेच्या तारेवर घार होती,
ती धरावी का, ठरेना;
घार काय, कुठेही असते.

एकतीस वर्षं शेऱ्याच्या रकान्यात
मी एकच शब्द लिहीत आले: मर्यादेत.
कधी तो खरा असायचा.
कधी साहेब मागे येऊन उभे राहायचे,
हातात माझ्यासाठी चहा,
मुलांची चौकशी करत, फार आपुलकीने.
त्या शब्दाचं पुढे काय होतं
ते ठाऊक नव्हतं, असं म्हणवत नाही.
उताराने तो इकडेच येत होता.

मी शून्य काढलं.
नीट, गोल, टोकाला टोक जुळवून.
तारीख घातली. सही केली, पूर्ण नावाची.

"आज किती भरली गो बाय, पाखरां?"
मी वही पुढे केली.
हसुरामने चष्मा नाही म्हणून लांब धरून वाचलं,
वर पाहिलं,
म्हणाला, "घार मोज."

शून्याच्या डावीकडे जागा होती.
तिथे एक लिहिला असता तर दहा झाले असते.
इतकं सोपं असतं ते, हे
माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

म्हणून खालच्या ओळीत, वेगळं:
घार, एक.
वेळ सात पाच.
रंग आणि वास भरले, जसे होते तसे.
शेऱ्यापाशी पेन जरा थांबलं,
आणि घार तारेवरून उठून
कारखान्यांच्या दिशेने गेली.