तापाचा पगार

झ्द्राव्का.
जीभ अडखळली तर अडखळू दे.
तिच्या गावी, बल्गेरियात, या नावाच्या पोटात
तब्येत आहे. ठणठणीत तब्येत.
आम्ही चिडवायचो, काय गं,
आज तब्येत कामावर आली का?
आली. बारा वर्षं रोज आली.

आयर्लंडात, मोनॅहनच्या त्या लांब, बिनखिडकीच्या शेडमध्ये
सहा मजली फळ्या, काळी ओली माती,
कपाळाला दिवा बांधून आम्ही अळंब्या खुडतो.
अंगठा आणि दोन बोटं.
दाबायचं नाही, ओढायचं नाही,
नुसतं जरासं फिरवायचं,
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून
आपलं बोट सोडवून घ्यावं तसं.
डाग पडला की माल परत.

आणि अळंबी थांबत नाही.
आज सुपारीएवढी, उद्या लिंबाएवढी,
परवा छत्री उघडून बसली की कवडीमोल.
तिला रविवार कळत नाही, नाताळ कळत नाही,
तुमच्या घशातली काच कळत नाही.

म्हणून खोकला आम्ही कोपरात पुरायचो.
ताप दोन गोळ्यांखाली दडपायचो,
उतू जाणाऱ्या पातेल्यावर ताट ठेवावं तसा,
शिफ्ट संपेपर्यंत.
एका फेब्रुवारीत एकीला फ्लू झाला,
आठ दिवसांत सोळा जणींना.
मालक म्हणाले, यंदा हवाच वाईट.

मग कायदा आला.
जेवणाच्या खोलीत, मायक्रोवेव्हच्या वर,
चार भाषांतला एक कागद.
आजारी पडलात तर दिवसाचे सत्तर टक्के.
आम्ही तो चारही भाषांत वाचला
आणि कोणी आजारी पडलं नाही.
पहिली कोण होणार?
पहिलीचं नाव लक्षात राहतं.
वाफेने कागदाच्या कडा वळत गेल्या.

नोव्हेंबरात एका पहाटे
झ्द्राव्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
ऑद्रोने, फियाक्राला सांग,
तब्येत आज येत नाही.

मिनिबसने दोनदा हॉर्न दिला. मी एकटी चढले.
तिची सीट रिकामी होती,
आणि सगळ्या जणी चोरून तिकडेच बघत होत्या,
जणू कुणीतरी पहिल्यांदाच तिथे बसलंय.

दुपारपर्यंत तिच्या चौथ्या फळीवर
छत्र्याच छत्र्या.
तीन खोकी फेकावी लागली.
फियाक्राने शिट्टी वाजवत फेकली.
शेड होती तिथेच होती.

हिशेब सांगते.
सत्तर टक्क्यांचे एकाहत्तर युरो.
कायद्याला दाखला लागतो, दाखल्याला डॉक्टर,
आणि डॉक्टर हॅनरॅटींची फी साठ.
हातात अकरा.
मला हसू फुटलं.
झ्द्राव्काला नाही फुटलं.
पगाराची चिठ्ठी दिव्याखाली धरून ती म्हणाली,
हे अकरा झोपून मिळालेत.
मग चिठ्ठी घडी करून पासपोर्टमध्ये ठेवली.

आणि दिवसभर केलंस काय, मी विचारलं.
झोपले. घाम आला. सूप सांडलं.
दुपारी पोस्टमन येतो, माहीत होतं तुला?
लाल दाढीचा आहे. डावरा.
मला म्हणाला, नवीन भाडेकरू का?

नऊ वर्षं आम्ही त्या घरात राहतोय.

जानेवारीत माझ्या घशात काच आली.
रात्रभर मी मनात अळंब्या मोजल्या,
माझी फळी, दुसरी, डावीकडची,
सुपारी, लिंबू, छत्री.
पहाटे हॉर्न वाजला. एकदा.
मी बूट शोधायला उठले,
एक सापडलाही.
दुसरा झ्द्राव्काच्या हातात होता.
गप पड, ती म्हणाली,
आणि तो कपाटावर टाकून निघून गेली.

दुपारी दारात पावलं वाजली.
लाल दाढी. खरंच डावरा.
वीजबिल पुढे करत त्याने विचारलं,
तूसुद्धा नवीन?

नाही, मी म्हणाले, जुनीच.
आणि मग, आवाज फाटलेला होता तरी,
जरा मोठ्यानेच,
आजारी आहे.