चादर पाहून पलंग

माग भंगारात गेला त्या दिवशी
घरात अकरा बाय चौदाची शांतता उरली
आणि फरशीत चार भोकं, बोल्टांची.

तीस वर्षं आम्ही मागापासून उरलेल्या जागेत झोपलो.
हे भिंतीकडून, मी दाराकडून,
मध्ये पोरगी, उशाला बॉबिनांची टोपली.
कूस बदलायची तर एकमेकांना सांगून.

"आता मोठा घ्या," जावई म्हणाले, "सहा बाय सहा."
दुकानातला पोरगा त्याहून पुढं:
"मावशी, झोपून तर बगा की, लाजता कशाला?"
मी चप्पल काढून नुसती टेकले.
हे झोपले. सरळ, डोळे मिटून, हात छातीवर,
गिऱ्हाइकांच्या मधोमध.
मला ते एकदम आवडलं नाही.
"उठा," म्हटलं, "बास झालं."

ह्यांच्या खिशात अजून टेप असते.
पलंगाला लावलीच नाही त्यांनी.
घरी येऊन ट्रंकेतली चादर काढली,
शेवटच्या बीमची, मोरपंखी काठाची,
साठ इंच बाय नव्वद.
फरशीवर अंथरली, चारी कोपरे ताणले.
"सहा फुटीवर ही फूटभर कमी पडंल.
मी विणलेलं कमी पडंल असला पलंग
ह्या घरात नको."

लोक अंथरूण पाहून पाय पसरतात.
आमच्यात चादर पाहून पलंग.

मग मी खडू घेतला.
रुंदी पाच फूट, काठाला काठ.
लांबी ह्यांच्या उंचीएवढी, वर एक वीत.
कपाटाचं दार पुरतं उघडून पाहिलं.
रात्री मोरीकडं जायची वाट दोन फूट सोडली,
दिवा न लावता चालून पाहिली.
उंची गुडघ्यांना विचारली:
बसल्यावर टाचा टेकल्या पाहिजेत.
फरशीतली दोन भोकं पलंगाखाली गेली,
एक कपाटाखाली.
चौथं राहिलं, नेमकं माझ्या बाजूला.
रोज सकाळी पहिला पाय त्याच्यावरच पडतो.

गादी कापसाचीच. ह्यांनी चिमटीत धरून
धागा किती निघतो ते पाहिलं,
रजाकभाई पिंजारी हसले,
"अण्णा, हा विणायचा नाय, झोपायचाय."

तिला मी प्लास्टिकात ठेवली नाही.
जावई म्हणाले, राहू द्या, नवं दिसतं.
नवं दिसून काय करायचं, घाम कुठं जाणार?
आठवड्याला एकदा गच्चीवर,
सकाळी नऊच्या आत, मग ऊन इथलं तापतं
आणि गादी हातात धरवत नाही.
काठीनं झोडपते. धूळ उडते,
कापसाची का आमची, कोण जाणे.
शेजारची पद्मावती जिन्यातून विचारते,
"कुणाचा राग काढताय गं वैनी?"
चहा पलंगावर नाही. नातवाच्या उड्या
फक्त मी घरात नसताना.

आणि दर तीन महिन्यांनी उलटायची.
उशाकडचं पायथ्याला, खालचं वर,
नाहीतर ह्यांच्या बाजूला खड्डा पडतो
आणि मी झोपेत उताराला लागते.

एकट्यानं ती उलटत नाही.
मी करून पाहिलंय.
हे सिव्हिलला होते, अकरा दिवस.
तारीख आली, कोपरा धरला, उचलली,
अर्ध्यात माझ्याच अंगावर दुमडली.
तशीच ठेवली.
खाली चादर टाकून झोपले,
दाराकडच्या कडेला,
जागा सगळी मोकळी असताना.

आज एक तारीख.
कॅलेंडरवर गॅसच्या खाली लिहिलंय, गादी.
हे भिंतीकडचा कोपरा धरून उभे,
दम लागलाय, पण सांगायचं नाही.
"बगतीस काय," म्हणतात,
"वढ."