ओले तळहात

आधी तळहात ओले करायचे.
कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो
आणि तिथे बुरशी धरते.
हे मला सिरिलने शिकवलं, एसेक्समध्ये,
खडी उपसून उरलेल्या एका तळ्याकाठी,
जिथे आम्ही दोघं चौदा उन्हाळे
एकाच कार्पच्या मागे होतो.

त्याचं नाव बटण.
सगळं अंग चामड्यासारखं उघडं,
फक्त डाव्या बाजूला, शेपटीपाशी, एक मोठा खवला:
जुन्या कोटाला शेवटचं उरलेलं बटण.
मला तो तीनदा लागला.
तिसऱ्यांदा, मे महिन्यात, पोट बघून कळलं
की तो ती आहे.

प्रत्येक वेळी ओली गादी, ओठाला औषधाचा थेंब,
एक फोटो, आणि मग पाण्यात
दोन्ही हातांवर धरून थांबायचं,
आपण मासा आहोत हे तिला आठवेपर्यंत.
"चाळीस तास बसून घरी काय आणलंस?"
बायको विचारायची.
भिजलेल्या बाह्या.

बटण मेली तेव्हा तळ्याच्या मालकाने तिला पुरलं.
अकरा जण आले होते, पावसात, टोप्या काढून.
माझ्या मेव्हण्याच्या मातीला आम्ही सात होतो.

आता मी रेनमार्कला, मुलीच्या घरामागच्या खोलीत.
मरे नदी दारासमोरून जाते,
दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाची.
इथे कार्पला सगळेच पाण्यात पाहतात.
गाळ ढवळतो, पाणगवत मुळासकट उपटतो,
इथल्या माशांना जागा ठेवत नाही.
लागला तर परत सोडायचा नाही, कायदा आहे.
स्पर्धेच्या दिवशी कचऱ्याचे हिरवे डबे काठोकाठ भरतात
आणि मुलं शेपट्या मोजतात.
"बाहेरून आला आणि पसरला," जावई म्हणाला,
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
"म्हणजे, मासा."

आठ महिने मी गळ उघडलाच नाही.
मग एका पहाटे उघडला. का, विचारू नका.
मक्याचे दोन दाणे. दोर सैल.
सूर्य झाडांच्या वर यायच्या आत
रीळ ओरडायला लागलं,
आणि माझे खांदे एकदम पन्नाशीचे झाले.

अठरा पौंड असेल. पुरा खवल्यांचा,
एकेक खवला कोणी नुकताच घासून बसवल्यासारखा.
चार मिशा. तोंड पुढे येत होतं, मागे जात होतं,
ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखं:
ओ? ओ?

काठावर कोणी नव्हतं. एक पेलिकन,
आणि तो काही सांगणारा नव्हे.
मी हात पाण्यात बुडवले.
मनगटाखाली मला माझे हात दिसेनात.
शेजारची नोएलीन म्हणते, तिच्या लहानपणी
इथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
तळाचे शिंपले मोजता यायचे.

ओल्या तळहातांनी मी त्याला उचललं.
एकही खवला दुखावला नाही.
मग लाकडी दंडुका, डोळ्यांच्या मागे,
दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

नोएलीनने तो संत्र्याच्या झाडाखाली पुरला.
"खोल पुरायचा," ती म्हणाली, "नाहीतर कुत्रा उकरतो."
कुत्र्याने तरी उकरलाच.
तिने परत पुरला, वर फरशी ठेवली.

जुलैत ती पिशवी भरून संत्री ठेवून गेली.
त्याच संध्याकाळी सिरिलचा निरोप:
तिकडे काही लागतं का?
मी लिहिलं: एक. अठरा पौंड. देखणा.
लगेच उलट आला:
नीट सोडलास ना?

उत्तराआधी मी एक संत्रं सोललं.
गोड होतं, जरा जास्तच.
हात चिकट झाले म्हणून नळाखाली धरले,
आणि मग, सवयीने,
पुसले नाहीत.