खडू

हेड ऑफिसकडून विचारणा आली आहे:
कुठ्ठाळी यार्डात महिन्याला खडूच्या
अकरा पेट्या का लागतात?
शाळा आहे का तिथे?

मी स्टोअरची वही सांभाळते. सोळा वर्षं.
इलेक्ट्रोड, हातमोजे, काळ्या काचा,
एकेक नग माझ्या सहीने बाहेर पडतो.
उत्तर मलाच द्यायचं आहे.

लिहू काय?
की जुवारीतून बार्ज ओढून रुळांवर चढवतात,
पोटाला कालवं चिकटलेली,
पत्रा भिजल्या बिस्किटासारखा,
आणि नवा पत्रा जोडून झाला की
सांध्याला बाहेरून खडू फासतात,
आतून रॉकेल.
मग विडी न पेटवता सगळे बसून राहतात.
रॉकेलला घाई नसते, पण ते वाट चुकत नाही.
सुईएवढी फट असली तरी
पांढऱ्यावर ओला डाग उमटतो.

एवढ्याला दोन पेट्या पुरतात.

बाकीच्या नऊ कायतानपासून सुरू होतात.
तो चाचणीची वाट बघत नाही.
हात हलला, मन घरी गेलं,
सांधा पोकळ राहिल्याचा नुसता संशय आला
की स्वतःच खडूने गोल ओढतो
आणि मोठ्याने म्हणतो, ‘हें म्हजें.’
कुणी हसत नाही.
‘बरं केलंस’ असंही कुणी म्हणत नाही.
ग्राइंडर येतो. ठिणग्या. पुन्हा जोड.
त्याच्या आधीचा रोझार असंच करायचा म्हणे,
एक बार्ज बुडाल्यापासून.
कुठली, ते रोझारने सांगितलं नव्हतं.

बिरंची आला बलांगीरहून, एकोणीस वर्षांचा.
पहिल्याच महिन्यात त्याने एक फट रंगाखाली झाकली.
डाग उमटला तेव्हा
सगळे नदीकडे बघत राहिले.
शिवी एकानेही दिली नाही.
दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी,
खडू पाहिजे म्हणाला.
कशासाठी, काय लिहू?
तो अडखळला, मग ओडिया जिभेने
उलटसुलट कोंकणी: ‘म्हजें हें.’

कँटीनमध्ये मार्चपासून फलक आहे:
सचोटी. संघभावना. उत्कृष्टता.
खाली हसणारी माणसं,
हेल्मेटवर एक ओरखडा नाही.
फलक ठोकताना शाणू सुताराचा एक स्क्रू तिरका बसला.
त्याने स्क्रूभोवती खडूने गोल ओढला.
तो अजून तसाच आहे,
पाहुणे आले की त्यांना नक्षी वाटते.

हे सगळं रकान्यात मावणार नाही.
वही उलटते.
जुलैची एक पेटी दोनदा चढली आहे,
माझ्याच अक्षरात.
अकरा नव्हे, दहा.

आकड्याभोवती पेनाने गोल ओढते,
खडू कागदावर टिकत नाही.
कारण: गळती तपासणी.
चूक: स्टोअर, म्हणजे मी.
पुढील महिन्याची मागणी: पेट्या बारा.