मोकळा गडी

मे महिन्यात मैदानावर कुणी नसतं.
खुंट उपटून मंडळाच्या पत्र्यामागं आडवे टाकलेले,
त्यांच्यावर कुणाची तरी चादर वाळत असते.
सामने संपले की आमचा खेळ सुरू होतो,
साखर पेठेत, सूतवाल्याच्या बंद शटरपुढच्या पायरीवर,
रात्री दहाच्या पुढं, दगड अजून तव्यासारखा.

यादगिरी गाजुल विडीच्या पुड्याचा कागद उलटा करतो,
पेन्सिल जिभेला लावतो
आणि गडी विकायला बसतो.

"सांगलीवाले त्या डावखुऱ्याला न्यायलेत."
"कशावर?"
"नोकरीवर. साखर कारखान्यात टाइमकीपर."
"टाइमकीपर! त्याला घड्याळ कळतंय का बे?
तीन मिनिटं पळ म्हटलं की सव्वा मिनिटात बाद."

हुसेनबाशा म्हणतो, दोन गडी देऊ, एक घेऊ.
आयुष्यभर त्यानं हाच व्यवहार केला:
दोन माग विकून एक घेतला,
तोही वर्षभर बंद आहे.
शिवलिंगप्पा हिशेब कानडीत करतो, भांडतो मराठीत,
यादगिरीची शिवी तेलुगूतनं येते,
मी मधे बसून शेंगा सोलतो
आणि टरफलांचा ढीग ज्याच्या बाजूला मोठा
त्याचं म्हणणं खरं धरतो.

खिशात चौघांच्या मिळून चहापुरतं.
तेवढ्यावर आम्ही धाराशिवचा पळणारा इकडं आणतो,
ठाण्याला आपला एक पोरगा उसना देतो,
इचलकरंजीचा सूर मारणारा तर
गेली तीन वर्षं दर उन्हाळ्यात घेतो
आणि दर दिवाळीला तो तिकडंच खेळताना दिसतो.
धोट्यासारखे गडी या काठावरनं त्या काठाला.
कापड काही उतरत नाही.

"रेवण बिराजदारचं काय?"
"करार संपला. मोकळा हाय."

मोकळा.
माझ्या वडलांना गिरणीनं एका सोमवारी मोकळं केलं,
डबा तसाच भरलेला परत आला.
त्यानंतर हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नाही.
आई केसांनासुद्धा सुटे म्हणायची.

तर तो रेवणच आला.
कॅन अडकवलेली लूना भिंतीला टेकवली,
आणि बसला आमच्यापुढं, पायरीवर नव्हे, खाली,
चवड्यावर, हाताची बोटं जमिनीला टेकवून,
बारा वर्षं साखळीत बसला तसा,
तोंड पलीकडं, रस्त्याकडं.
"कितीला इकलं मला?"

शिवलिंगप्पाला एकदम खोकला आला.
यादगिरी कागदाची घडी घालत होता,
ती रेवणनं मागं न बघताच हात करून घेतली,
मोबाइलच्या उजेडात वाचली, वरनं खाली,
मग पुन्हा खालनं वर.
त्याचं नाव नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं.
बत्तीस वय, उजवा गुडघा,
आणि चार महिने कुणाचा फोन नाही.

"ह्या इचलकरंजीवाल्याला घेऊ नका," तो म्हणाला.
"सूर चांगला मारतो, पण उठायला उशीर लावतो.
खुंटाजवळ उशीर म्हणजे डाव गेला.
त्यापेक्षा वेळापूरची पोरं बघा, अजून कुणी बघितली नाहीत."
आणि कागद परत दिला.

यादगिरीनं पेन्सिल पुन्हा जिभेला लावली.
वेळापूर लिहिलं, मग थांबला,
मग आठ नावांच्या खाली, कागदाच्या फाटक्या कडेला,
बारीक अक्षरात नववं लिहिलं.
आठ बसतात. नववा उभा असतो, पळतो.
त्यानं ते रेवणला दाखवलं नाही.

खो मागनं येतो.
कोण देतंय ते दिसत नाही,
पाठीवर हात पडला की उठायचं.
त्याची पाठ आमच्यापासनं हातभर लांब,
बनियन घामानं चिकटलेला,
आणि आम्ही चौघं हातात शेंगा धरून.

समोरच्या टपरीवाल्यानं भांडी घासायला काढली होती.
"ए," यादगिरी ओरडला, "चहा."
रोजचे चार असतात.
टपरीवाल्यानं चार बोटं वर केली.
"पाच," यादगिरी म्हणाला, "पाच सांगितले की बे."